साहेबांचा फोन आणि सातबाऱ्यावरची सात नावं

सासरे २०१४ साली वारले, पण सातबाऱ्यावर ते २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत जिवंत होते. आमच्या गावात याचं कुणाला काही वाटत नाही. वाटणी तोंडी झालेली असते, ज्याचं त्याला रान ठाऊक असतं, आणि कर्ज काढायची नाहीतर जमीन विकायची वेळ येईपर्यंत तलाठ्याकडे कुणी फिरकत नाही. आमची कृष्णाकाठची साडेचार एकर काळी जमीन. विहिरीच्या अलीकडचं रान थोरले भावजी कसायचे, पलीकडचं आमचे हे. विहीर आणि मोटर सामाईक. २०२२ च्या मे महिन्यात हे झोपेतच गेले, हार्ट अटॅकनं. तेव्हा मुलगी आठवीत जाणार होती आणि मुलगा पाचवीत.

तेराव्याला भावकीसमोर भावजी म्हणाले, "तू पोरांचं बघ, रानाचं मी बघतो." मला तेव्हा फार बरं वाटलं. खरंच वाटलं, आजही ते नाकारत नाही. उसाची लागण, पाणी, खत, तोड यातलं मला एकटीला काही झेपलं नसतं. पहिल्या वर्षी गव्हाची पोती आली, शाळेची फी आली, ऊसबिलातले पैसेही आले. कारखान्याकडे उसाची नोंद भावजींच्या नावावर, त्यामुळे बिल जमा व्हायचं त्यांच्या खात्यावर. ते देतील तेवढे आपले. दुसऱ्या वर्षी खत महागलं. तोडकऱ्यांना खुशाली द्यावी लागली. मोटर जळली. तिसऱ्या वर्षी हिशोबाचा कागद आला, त्यात खर्च वजा जाता माझ्याच अंगावर पैसे निघत होते.

भावजी वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही त्यांना खलनायक करून टाकाल. त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, लग्नाची मुलगी, घरात आजारी आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई. माझ्या वाट्याच्या रानात रात्री दोनला जाऊन पाणी पाजलंय त्यांनी, तीन वर्षं. पण ज्या रानात आपण राबतो ते आपलंच वाटायला लागतं, आणि वाटायला लागलं की कागदही तसाच असावा असं वाटू लागतं.

मी ब्लाउज शिवते. लाडकी बहीणचे महिन्याला १५०० येतात. त्यावर दोन मुलांची शाळा आणि चूल चालते, पण मुलगी अकरावीला गेल्यावर तालुक्याचा क्लास, पुस्तकं सगळं एकदम अंगावर येणार होतं. त्याच सुमारास सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. आधी बुलढाण्यात झाली होती, एप्रिल २०२५ पासून सगळ्या राज्यात. मेलेल्या खातेदारांची यादी चावडीवर वाचायची, वारसांनी कागद द्यायचे, तलाठ्यानं फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, घालायची. फी काही नाही. चावडी वाचनाला मी गेले तेव्हा बायका मोजक्याच होत्या. तलाठी भाऊसाहेबांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण अजून कुणी म्हणत नाही) सासऱ्यांचं नाव वाचलं आणि विचारलं, वारस कोण? भावजी काही बोलले नाहीत. मी उभी राहिले.

कागद कोणते लागले ते लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, ह्यांचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मोबाइल नंबर असलेलं शपथपत्र, आधार, रेशनकार्ड, शिवाय पोलीस पाटलांचा वारसांबद्दलचा दाखला. ह्यांचा दाखला माझ्याकडे होता. सासऱ्यांचा भावजींच्या कपाटात. मागितला तर "शोधतो" म्हणाले. शेवटी ग्रामपंचायतीतून नव्यानं काढला, आणि तो सहज मिळाला. कपाटाकडे डोळे लावून बसायची गरजच नव्हती.

वारस कोण कोण, यावरून खरा घोळ. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मागे बायको, मुलगे आणि मुली सगळे सारख्या पायरीवर. मुलगा गेला असेल तर त्याच्या जागी त्याची बायको-मुलं, आणि त्याची आई हयात असेल तर तीसुद्धा. म्हणजे आत्ती, भावजी, दोन्ही वन्सं, मी आणि माझी दोन मुलं. सात नावं. हे मी शपथपत्रात लिहिलं आणि गावात बोभाटा झाला. "हिला अर्धं रान पायजे होतं, आता पोरींनापण आणून बसवलं," असं जाऊबाई नळावर म्हणाल्या. मी कुणाला आणून बसवलं नव्हतं. कायद्यानं त्या आधीपासूनच बसलेल्या होत्या, आपण फक्त त्यांच्याकडे बघत नव्हतो.

नोंद घातली गेली, सगळ्या वारसांना नमुना नऊच्या नोटिसा निघाल्या, आणि पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आत भावजींनी लेखी हरकत घेतली. धाकट्या भावानं हयातीत आपला हिस्सा रोख घेतला होता, असं त्यात लिहिलेलं. असं काही झालेलं नव्हतं. पण हरकत आली की नोंद तक्रारीच्या रजिस्टरला जाते आणि सुनावणी लागते. सर्कलसाहेब, म्हणजे मंडळ अधिकारी, माझ्याशी वाईट वागले नाहीत, तारखा मात्र देत राहिले. एक वकील गाठले. ते म्हणाले, इथं लागला निकाल तरी वर अपील होईल, प्रांताकडे, मग त्याच्याही वर. आणि खरी वाटणी हवी तर दिवाणी दावा. किती वर्षं लागतील ते त्यांनी सांगितलं नाही, फी सांगितली. माझा भाऊ म्हणाला, "ताई, दावा कर, मी आहे." त्याची स्वतःची दोन एकर जिराईत. तो आहे म्हणजे किती आहे, हे मला माहीत होतं.

तेव्हा चुलत सासरे म्हणाले, "साहेबांकडं जाऊया."

साहेब म्हणजे आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन. नाव लिहीत नाही. आमच्याकडच्या माणसाला साहेब म्हटलं की कळतं, आणि बाहेरच्याला कळून उपयोग नाही. असे साहेब कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात दर पंधरा-वीस मैलांवर आहेत. कारखाना, बँक, दूध संघ, कॉलेज, सगळ्या पाट्यांवर एकाच घराण्याचं नाव.

बंगल्यावर सकाळी सातपासून माणसं बसलेली असतात. कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, कुणाला नर्सिंगला ॲडमिशन हवीय, कुणाच्या वडिलांचं बिल पुण्याच्या दवाखान्यात अडकलंय. भिंतीवर थोरल्या साहेबांचा हार घातलेला फोटो. पीए वहीत नाव, गाव, काम लिहून घेतो आणि चहा येतो. बायकांना आतल्या सोप्यात बसवतात. मी पदर सावरून बसले होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, "नाव लावायचंय." त्या म्हणाल्या, "माझंपण तेच." त्याही माझ्यासारख्याच, कपाळ मोकळं.

२०२२ साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता. पाठोपाठ सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. ठराव ४ मेचा. हे गेले तेही त्याच महिन्यात. आमच्या गावात तो कागद पोचला असेल, मला काही दिसला नाही. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, सगळं रीतीनं झालं. त्या सोप्यात बसून मला वाटलं, बांगड्यांचं एक वेळ राहू दे, आधी सातबाऱ्याचं बघा.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाची सून?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. ते थांबले. "म्हातारा कारखान्याचा पहिल्यापासूनचा सभासद. शेअर्स गोळा करायला थोरल्या साहेबांबरोबर सायकलवर हिंडलाय." मग माझ्याकडे बघून, "बोल."

जुळवलेली वाक्यं सगळी विसरले, पण सांगायचं ते सांगितलं. त्यांनी कागद मागितले नाहीत. कायदाही विचारला नाही. एकच विचारलं, "तुला रान पायजे का भांडण मिटायला पायजे?" मी म्हटलं, "दोन्ही." ते हसले. पीएला म्हणाले, "फोन लाव." मला वाटलं तहसीलला लावतील. लावला भावजींना.

फोनवर एवढंच ऐकू आलं: "रविवारी ये. आईला घेऊन ये. हो, तीपण येणारंय."

आता भावजी हरकत सोडून का आले, हेही लिहायला हवं. त्यांचा थोरला मुलगा कारखान्यात हंगामी कामगार आहे, कायम व्हायची वाट बघतोय. सोसायटीचं कर्ज साहेबांच्याच बँकेच्या साखळीतलं. तोडीचा प्रोग्रॅम कारखान्याच्या शेती खात्याच्या हातात. ऊस वेळेवर तुटला तर वजन भरतं, लांबला तर तुरे येतात आणि वजन घटतं. साहेबांनी यातलं एक अक्षर तोंडातून काढलं नाही. काढावं लागत नाही. माझा पुण्यातला भाचा म्हणाला, "मामी, हा तुझा कायदेशीर हक्क होता, त्यात उपकार कसले? उलट ही दादागिरीच झाली." तो कायद्याचं शिकतो आणि बरोबरच बोलतो. मी त्याला एवढंच म्हटलं की कायदा माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, पण त्या बंगल्यातून फोन जाईपर्यंत माझ्या बांधावर तो कधी आला नव्हता. भाचा गप्प बसला नाही, आमचा वाद अजून चालू आहे.

रविवारची बैठक लांबली. आत्तींना खुर्ची दिली, आम्ही बाकीचे सतरंजीवर. भावजींनी खर्चाची वही आणली होती. साहेबांनी ती खरंच वाचली, पान पान. मग विचारलं, "खताचं लिहिलंयस, बिलाचं कुठाय?" भावजी म्हणाले, "बँकेत आहे." "मग पासबुक आणायचं." त्यावर कुणी काही बोललं नाही. जाऊबाई मध्येच रडायला लागल्या, की आम्ही तीन वर्षं राबलो ते काय फुकट? साहेब त्यांना म्हणाले, "फुकट नाही. ते धरूनच ठरवूया." मला हे आवडलं. मी जिंकायला गेले होते असं कुणालाही वाटू शकलं असतं. जाऊबाईंचं राबणं तिथं मोजलं गेलं म्हणूनच त्या उठून गेल्या नाहीत.

ठरलं ते असं. भावजी हरकत मागे घेणार. विहिरीपलीकडचं रान माझं आणि मुलांचं, कसायला लगेच ताब्यात. उभा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) भावजींनी केलेला, म्हणून या हंगामाचं बिल निम्मं-निम्मं. मागचे हिशोब दोघांनीही सोडायचे. पुढची उसाची नोंद माझ्या नावावर. ह्यांच्या नावाचा कारखान्याचा शेअर वारस म्हणून माझ्याकडे. आणि पाणी. थ्री फेजची लाईट आठ तास येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला माझी मोटर पुतण्या चालू करणार, आणि दिवसाच्या पाळीत त्यांच्या मुलीला मी शिवण शिकवणार. हे शेवटचं साहेबांनी सुचवलं नाही, आत्तींनी सुचवलं. तोपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मग साहेब उठता उठता म्हणाले, "पोरींना साडीचोळी करा आणि हक्कसोड घ्या, म्हणजे विषय मिटला."

हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा मुलींनी लिहून सोडून द्यायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. भावजींनी, चुलत सासऱ्यांनी, माझ्या भावानं. मीही त्या वेळी काही बोलले नाही. त्या खोलीत, ज्या माणसानं आत्ताच माझं रान मला मिळवून दिलं त्याच्यासमोर, तोंड उघडण्याची माझी छाती नव्हती. पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मोठ्या वन्संनी ह्यांच्या मागे माझ्या मुलीची फी दोनदा भरलीय, नवऱ्याला न सांगता. धाकट्या वन्संचं घर पत्र्याचं आहे. बापाच्या रानावर माझ्या आधी त्यांचा हक्क, त्या त्याच्या पोटच्या पोरी. माझा हक्क नवऱ्यामुळे आला आणि मी त्यासाठी चावडीवर उभी राहिले. त्यांनी मात्र एका साडीवर सही करायची.

पुढची सरकारी पायरी सरळ झाली. भावजींनी हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं, सर्कलनी जबाब नोंदवले, फेरफार मंजूर झाला. ऑनलाइन १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. त्यावर सात नावं. मुलांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून माझं नाव, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांच्या हिश्शाचं कोर्टाच्या परवानगीशिवाय मलाही विकता येणार नाही, असं वकिलांनी सांगितलं होतं. मला ते बरंच वाटलं. उद्या माझ्यावरही कुणी दबाव आणला तर सांगायला कारण आहे.

पेढे घेऊन बंगल्यावर गेले. साहेबांच्या पाया पडले, मनापासून पडले. ते म्हणाले, "पाया काय पडतेस, ऊस चांगला पिकव." पीएनं फोटो काढला. संध्याकाळी तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, वर लिहिलेलं: साहेबांमुळे विधवा भगिनीला न्याय. माझ्या मुलीनं तो बघितला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिला फोटोची नाही, 'विधवा भगिनी'ची चीड आली होती. मी तिला समजावलं नाही. तिला चीड येते हे चांगलंच आहे. माझ्या कृतज्ञतेला मात्र त्यानं धक्का लागला नाही. माणसानं माझ्यासाठी रविवारचे चार तास काढले, वही वाचली, भावजींचा अपमान न करता त्यांना मागे यायला लावलं. त्यांच्या जागी दुसरा असता तर माझ्या एका मतासाठी एवढं केलं नसतं. शेअर नावावर झाला म्हणजे आता कारखान्याच्या निवडणुकीत मला मत आहे. ते कुणाला देणार असं कुणी विचारलेलं नाही. विचारणारही नाही, आणि मी काय करणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही.

आता उरलंय ते तहसीलदारांकडचं, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ चं वाटप. नावं लागली तरी सातबारा अजून सामाईक आहे. ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा करायला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. म्हणजे दोन्ही वन्संच्या सह्या. भावजी गणपतीत त्यांच्याकडे हक्कसोडीचं बोलायला जाऊन आले. धाकट्या वन्सं म्हणाल्या, विचार करते. मोठ्या वन्सं म्हणाल्या, "सही देते की. पण आई कुणाकडं राहणार, दवाखाना कोण करणार, ते आधी कागदावर लिहा. मग माझी सही."

भावजी संतापून आले. मला हसू आलं आणि ते मी लपवलं.

मी त्यांना माझ्यापुरतं सांगितलंय: माझ्या रानासाठी मी वन्संच्या हक्कसोडीवर बोट ठेवणार नाही. त्यांना हिस्सा हवा असेल तर माझ्याकडच्या भागातून त्यांचा जो बसेल तो जाऊ दे, नको असेल तर त्यांनी आपणहून सांगावं. भावजी म्हणाले, "साहेबांनी ठरवलंय ना?" म्हटलं, "साहेबांनी तुमचं-माझं ठरवलं, ते मी पाळतेय. वन्सं त्या बैठकीला नव्हत्या." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तूच बोल मग त्यांच्याशी. माझ्याशी नीट बोलत न्हाईत त्या."

एवढ्या वर्षांत भावजींनी मला सोपवलेलं हे पहिलं काम. साहेबांना हे कळलं तर आवडेल की नाही, सांगता येत नाही. कळणार हे नक्की. आत्तींना मी विचारलं, तुम्हाला कुठं राहायचंय? त्या म्हणाल्या, "सहा म्हैनं हितं, सहा म्हैनं तितं. आन् दोन्ही पोरींकडं दिवाळीला जाऊ द्या मला." त्यांच्या नावाचा हिस्सा कुणाला देणार, यावर मात्र त्या काहीच बोलत नाहीत, आणि तसं त्यांनी बोलू नये असंच मला वाटतं. तो हिस्सा मोकळा आहे तोवर दोन्ही घरं त्यांना वेळेवर जेवायला विचारतील, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

दसऱ्यानंतर सगळ्यांनी आमच्या घरी बसायचं ठरलंय, बंगल्यावर नाही. दोन्ही वन्संना मीच फोन केले. धाकट्या वन्संनी विचारलं, "भांडणं झाली तर?" म्हटलं, होतील. जाऊबाई भाकरी करणार आहेत, मी कालवण. पुतण्या परवा रात्रीच्या पाळीला माझी मोटर चालू करून गेला, न सांगता. लागण अजून कोवळी आहे, तिला पाणी वेळेवर मिळालं.